पाणी चालू आहे

२७ ऑक्टोबर, सोमवार. सातारा

डॉक्टरांनी लिहायला लावलं म्हणून लिहिते आहे. हौस नाही. डाव्या कानामागून कवटी उघडून ऐकण्याच्या नसेवरची गाठ काढली, त्याला आज सत्तावीस दिवस झाले. डॉ. उदयसिंह म्हणाले, "मॅडम, रोज लिहा. चक्कर किती, डोकं दुखलं का, नाकातून पाणी आलं का. दर गुरुवारी वही मला दाखवायची." ते ऑपरेशनं पुण्यात करतात, गुरुवारी साताऱ्यात बसतात. म्हणून मीही साताऱ्यात, लेकीकडे. समीक्षा बँकेत जाते, दिवसा माझ्यापाशी धोंडुबाई असते. सांगलीच्या घराला कुलूप.

वहीच्या पुढच्या बाजूनं डॉक्टरांसाठी. उलटी करून मागच्या बाजूनं हे. इथे डॉक्टरांचं काम नाही.

कारण आज फोन आला. शिखरजीहून, झारखंडातल्या मधुबनातून. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे साध्वी आहे. अक्काची सेवा करणारी ब्राह्मी नावाची ब्रह्मचारिणी आहे, मूळ आमच्या आष्ट्याचीच. म्हणाली, "मावशी, माताजींनी यम सल्लेखना घेतली. धान्य गेल्या महिन्यातच सोडलं. दूध सोडलं. आता ताक आणि पाणी." एकेक सोडत मरणापर्यंत जायचं, असं हे व्रत. मग म्हणाली — "सगळ्यांची क्षमा मागून झाली. एक तुमचीच राहिली."

मी म्हटलं, बघते. आणि फोन ठेवला. बघते! काय बघते?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पुढच्या बाजूला: चक्कर, उठताना. डोकं दुखणं, थोडं. डावा डोळा अजून पूर्ण मिटत नाही. चहा डाव्या ओठातून गळतो.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अक्कानं शाळा सोडली, घर धरलं. मी सांगलीला बी.एस्सी. केलं ते तिनं लोकांचं शिवण शिवून मिळवलेल्या पैशांवर. लग्न केलं नाही तिनं. माझ्या बाळंतपणाला ती. माझे यजमान गेले तेव्हा ती. आणि दीड वर्षात म्हणाली, "राजी, तुझं लागलं मार्गी. मी दीक्षा घेते."

दीक्षेच्या मांडवात घरच्यांना सगळ्यांसमोर विचारतात — तुमची अनुमती आहे का? सगळे 'आहे' म्हणतात. ती रीतच आहे. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "नाही."

दोन हजार माणसांसमोर. चुलतभाऊ घाईनं उठला आणि त्यानं 'आहे' म्हटलं. पुढचं सगळं झालं. दीक्षेच्या रीतीनं केस उपटताना अक्कानं एकदाच माझ्याकडे बघितलं. मी न जेवता एस.टी. धरली.

त्याला साडेअठरा वर्षं झाली. दर वर्षी क्षमावाणीला, एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, तिचं कार्ड येतं. मी उत्तर दिलेलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांना विचारलं, विमानानं जाता येईल का. पुण्याहून रांची, पुढे गाडी. रेल्वेनं दोन रात्री लागतात.

"कशाला?"

"बहीण आजारी आहे." आजारी! दुसरा शब्द सापडला नाही.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "रेल्वेचे धक्के नकोतच. आणि विमान — महाबळेश्वरला गेल्यावर वेफरचं पाकीट कसं फुगतं, बघितलंय? कवटी उघडली की आत थोडी हवा राहते. वर गेल्यावर तीही फुगते. फरक एवढाच की कवटीला फुगता येत नाही."

एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. मला बॉईलचा नियम वेफरवर शिकवतो हा मुलगा! पण समजावलं नीट, हे मान्य.

सहा आठवडे पुरे व्हायला हवेत, म्हणजे अकरा तारीख. नाकातून मेंदूभोवतीचं पाणी गळत असेल तर सहा काय, सोळा आठवडेही नाही. गळती म्हणजे आत वाट उघडी आहे. वाटेनं पाणी बाहेर येतं, तशी हवाही आत जाते. "तेराच्या गुरुवारी वाकवून बघू. कोरडं असेल तर विमान कंपनीच्या फॉर्मवर सही देतो." आणि हे पुन्हा एकदा: "उपवास बंद. पाणी भरपूर."

समीक्षानं घरी येऊन चौदा तारखेचं तिकीट काढलं. दोघींचं.

१ नोव्हेंबर

ब्राह्मीचा फोन. ताक सोडलं. पाणी चालू आहे. दिवसातून एकदा, ओंजळीतून.

२ नोव्हेंबर, रविवार

डोळ्याच्या औषधाचं टोपण खाली पडलं. वाकले. फरशीवर एक थेंब. मग दुसरा.

धोंडुबाई केर काढत होती. ती माणदेशातली, माहेरी पाचशे मेंढरं होती म्हणते. थेंबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आवं बाई, नाकातनं पानी गळतंय की तुमच्या!"

"सर्दी आहे."

"सर्दीचं असं नसतंय. ह्ये नळाचं पानी हाय. आमच्याकडं मेंढी गरगराय लागली आन् नाक गळाय लागलं की आमी तिला कळपातनं काढून बाजूला बांदतो."

"मी मेंढी नाही, धोंडुबाई."

"व्हय वो. मेंढी आयकती तरी."

ओठावर आलं ते खारट लागलं.

३ नोव्हेंबर

पुढच्या बाजूला लिहिलं: नाक — थोडी सर्दी. सर्दी हा शब्द लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिला.

रुमालाची परीक्षा केली. शेंबडाचा रुमाल वाळला की कडक होतो, त्यात चिकट पदार्थ असतो. हा वाळला, मऊच राहिला. म्हणजे नुसतं पाणी. मला कुणी शिकवायची गरज नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार. चतुर्दशी

आज उपवास केला. निर्जळ. समीक्षा भडकली — "आई, डॉक्टर काय म्हणाले होते?" म्हटलं, अक्का तिकडे ओंजळभर पाण्यावर आहे, मला एक दिवस जमणार नाही?

दिवसभर खुर्चीत ताठ बसून स्वाध्याय. संध्याकाळी डॉक्टर वाकवतील तसं वाकून बघितलं. साठ आकडे मोजले. एक थेंब नाही!

बंद झालं. मिटली वाट. वही उलटून पुढच्या बाजूला लिहिलं: नाक कोरडं.

५ नोव्हेंबर

सकाळी पारणं. दोन भांडी पाणी, दूध, मग वरण-भात. दुपारी चप्पल घालायला वाकले — थेंब. थेंब, थेंब.

उगीच आनंदले होते. मिटलं काही नव्हतं. अंगात पाणी नव्हतं म्हणून गळलं नव्हतं. हौद आटला की फुटका नळही कोरडाच दिसतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वही दाखवली. डॉक्टरांनी बोट फिरवत वाचली. "सर्दी... नाक कोरडं. बरंय." माझ्याकडे बघून: "आज कसं आहे?"

"ठीक."

खोटं काहीच लिहिलेलं नाही. खरं निवडून लिहिलं आहे.

संध्याकाळी ब्राह्मीचा फोन. पाणी चालू आहे. म्हणाली, "मावशी, यायला उशीर असंल तर दोन ओळी तरी लिहून पाठवा. मी वाचून दाखवीन. माताजी मौनात हायत, पण आयकतात." फोन अक्काच्या कानाला लावणं तिच्या नियमात बसत नाही, हे ब्राह्मीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

म्हटलं, मी येते आहे. समोर बसून सांगेन.

चिठ्ठी पाठवली की काम संपलं. मग मी कशासाठी जायचं? मला जायचं आहे. तिला बघायचं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

७ नोव्हेंबर

समीक्षा म्हणाली, "मी एकटी जाऊन येते. तू नको."

"मांडवात 'नाही' तू म्हटलं होतंस का?"

ती सतरा वर्षांची होती तेव्हा. माझ्या शेजारीच बसली होती. मग म्हणाली, "माझीही मावशीच आहे ती." खरं आहे. तरी मी मागे घेतलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. सांगली

समीक्षानं गाडीनं आणलं. कराडपर्यंत ठीक, पुढे चक्कर. काचेला डोकं टेकून आले.

घरात धूळ. ट्रंक उघडली. खाली माझी सर्टिफिकेटं, त्याखाली सुतळीनं बांधलेली एकोणीस कार्डं. सगळ्यांना सांगितलं होतं, जाळली. एकही जाळलं नाही. दर वर्षी दुसऱ्या गावाचा शिक्का — जिथे तिचा चातुर्मास, तिथला. अक्षर कधी एका सेविकेचं, कधी दुसरीचं. मजकूर तोच: राजी, उत्तम क्षमा. शेवटच्या कार्डाचं अक्षर तिचं स्वतःचं आहे. ओळी खाली उतरत गेलेल्या.

गठ्ठ्याच्या तळाशी विसावं कार्ड. कोरं. पहिल्या वर्षी मीच आणलं होतं, उत्तर द्यायला. त्यावर फक्त पत्ता आहे, माझ्या हातचा. पुढे लिहिणं झालं नाही.

समीक्षा दारात उभी होती. बघितलं तिनं सगळं. "आई, तू तर म्हणाली होतीस—"

"पंखा लाव."

कोरं कार्ड पर्समध्ये ठेवलं. एकोणीस परत ट्रंकेत.

१० नोव्हेंबर, सोमवार. सातारा

डोकं दुखतं. बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. हे पुढच्या बाजूला लिहिलेलं नाही.

पाणी चालू आहे. ब्राह्मी आज जरा रडवेली वाटली. "येताय ना, मावशी?" हो म्हटलं. तिकीट आहे म्हटलं. पाणी चालू आहे तोवर दिवस आहेत. चौदापर्यंत पुरतील.

११ नोव्हेंबर

सहा आठवडे पूर्ण.

उद्या अष्टमी. आज सूर्यास्ताला पाणी बंद करायचं. उद्याचा दिवस निर्जळ. परवा सकाळी पारणं न करता तसंच दवाखान्यात जायचं. साडेअकराला नंबर आहे. म्हणजे एक्केचाळीस-बेचाळीस तास. हौद आटलेला असेल.

हे लिहून काढलं आणि वाचलं. कुणाच्या पेपरात अशी चिठ्ठी सापडली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. भरारी पथकात होते मी सात वर्षं. मुलींच्या पट्टीमागे लिहिलेलं मला दारातून दिसायचं. रहिमतपूरच्या केंद्रावर एकदा एका बापानं पोरीला सोडा म्हणून पाय धरले होते. मी पाय सोडवून घेऊन पुढच्या बाकाकडे गेले.

तरी करणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार. अष्टमी

जीभ टाळ्याला चिकटते. समीक्षाला वाटतं, अक्कासाठी उपवास. तिनं आज डोक्यावरून हात फिरवला. तो हात लागला तेव्हा बरं वाटलं नाही.

पाणी चालू आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं क्रमानं लिहिते. आजचं पुसट होऊन चालणार नाही.

साडेअकराला वाकवलं. डॉक्टर स्वतः बसून घड्याळ बघत होते. दोन मिनिटं. कान वाजत होता, डोळ्यांसमोर काळं येत होतं. नाक कोरडं ठणठणीत. त्यांनी वही चाळली, सर्दीवर थांबले, म्हणाले, "सर्दी गेली म्हणायची." फॉर्मवर सही केली, शिक्का मारला. "जाऊन या मॅडम. बहिणीला भेटा. पण परत आल्यावर स्कॅन."

कागद हातात आला. पास झाल्यासारखं वाटायला हवं होतं.

समीक्षा मला घरी सोडून बँकेत गेली — उद्यापासून रजा, आज कामं उरकायची. मी कपाट धरून उभी होते. धोंडुबाईनं तांब्याभर पाणी पुढे केलं. घटाघटा प्यायले. दुसरं भांडं. ती बघत होती.

"दोन दीस पानी न्हाई घेतलं का तुमी?"

"उपवास होता."

"उपास येक दिसाचा. आज कसला? आज तर डाक्टर हुता." धुणं पिळता पिळता थांबली. मग हसली, पण वाईट हसली. "आवं बाई, बाजारात मेंढी न्ह्यायच्या आदल्या दिशी लोकं तिला मीठ चारत्यात आन् पानी पाजत्यात. वजनाला भरती मेंढी. घेणारा फसतोय. तुमी उलटं केलंया. कोरडी करून इकली."

"कुणी विकलं? काय बोलतेस?"

"माझा बा तसली मेंढी इकायचा. तिसऱ्या दिशी मरायची ती. मरायची ती मेंढी, बा न्हाई."

मी तिला काहीतरी कडक बोलणार होते. आणि तेवढ्यात, उभ्या उभ्या, न वाकता, ओठावर खारट.

बसले. आधी उपवासाचा विचार आला. उपवास देवाच्या नावानं धरला आणि वापरला कॉपीच्या चिठ्ठीसारखा. व्रत घेणाऱ्याच्या मनात काटा असू नये म्हणतात — कपटाचा तर नाहीच. अक्का तिकडे एकेक काटा काढून बसली आहे. आणि मी नवा काटा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसणार, आणि म्हणणार उत्तम क्षमा!

मग दुसरा विचार आला, तो साधाच होता. विमानात मला काही झालं तर शेजारच्या सीटवर समीक्षा असणार. तीस हजार फुटांवर. एकटी.

डॉक्टर पाचला पुण्याला निघतात. चार वाजले होते. धोंडुबाईला म्हटलं, रिक्षा बोलव. ती म्हणाली, "मी येती संगट." हात धरून तीच घेऊन गेली.

नंबर नव्हता. तरी आत गेले. फॉर्म टेबलावर ठेवला, त्यावर वही ठेवली, मागच्या बाजूनं. म्हटलं, तिसऱ्या तारखेपासून वाचा.

डॉक्टर उभ्यानं वाचत होते. बराच वेळ. दाढीखालची शीर हलताना दिसत होती. मला शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुम्ही कॉप्या पकडायचात ना?"

"म्हणूनच आले."

त्यांनी फॉर्म उचलला आणि आडवा फाडला. वही परत माझ्या हातात दिली. "लगेच स्कॅन. आणि आजच ॲडमिट. पाठीत नळी घालून पाणी काढावं लागेल, पाच-सहा दिवस पडून. तरी थांबलं नाही तर पुन्हा उघडायचं." मग जरा हळू आवाजात: "उद्या विमानात बसला असतात तर मी माझ्या सहीकडे बघत बसलो असतो."

याचा विचार मी एकदाही केला नव्हता. त्यांच्या सहीचा.

स्कॅनमध्ये हवा दिसली. मला दाखवली. काळा डाग, लिंबाएवढा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दवाखाना

आडवं पडून लिहिते आहे. अक्षर खराब. पाठीत नळी.

काल समीक्षा बँकेतून थेट इथे आली. तिला सगळं सांगितलं. ओरडली नाही. म्हणाली, "मी थांबते तुझ्यापाशी." म्हटलं, तू जा. तुझीही मावशीच आहे ती. हे सहा दिवस उशिरा म्हटलं.

पर्समधलं कोरं कार्ड मागवलं. पहिल्या वर्षीचा जुना पत्ता खोडला. अठरा वर्षं सुचलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं:

अक्का, उत्तम क्षमा. माझी तुला. तुझी मला असू दे. मांडवात 'नाही' म्हटलं ते खोटं नव्हतं. तू जायला नको होतीस मला. आता म्हणते — हो. — राजी

समीक्षानं वाचलं. डोळे पुसले, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. पहाटे पुण्याला गेली. माझी सीट रिकामी गेली असेल. धोंडुबाई उशाशी बसली आहे. म्हणते, "बांदली का न्हाई शेवटी बाजूला?"

दुपारी ब्राह्मीचा फोन. तिला सांगितलं, मी येत नाही, कार्ड येतं आहे. ती म्हणाली, "बरं, मावशी. पाणी चालू आहे."

१५ नोव्हेंबर, शनिवार

सव्वादहाला समीक्षाचा फोन. नर्सनं उजव्या कानाशी धरला.

सकाळी आठ वाजता कार्ड अक्काच्या हातात दिलं. शुद्धीवर होती. ब्राह्मीनं दोनदा वाचलं. अक्कानं ते कपाळाला लावलं आणि परत केलं. मग पाणी आणलं. तिनं ओंजळ पुढे केली नाही. हात जोडले. पाणीही सोडलं.

ब्राह्मी समीक्षाला म्हणाली, "पाणी पहिल्या तारखेलाच सोडायचं ठरलं होतं त्यांचं. मावशीची क्षमा येईपर्यंत चालू ठेवलं होतं."

एकोणीस कार्डांना उत्तर दिलं: कार्ड, एक. पोहोचलं.